‘ग’ पुडीत काय होते?

॥ श्री ॥

नाशिक,
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. रूपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. तुझी मामी आणि मी ठीक आहोत. सोबत एक बाटली पाठवीत आहे. कळवणच्या बसचे चालक ती तुझ्या गाड्यावर पोहोचती करतील. त्यांनी आत काय आहे असे विचारले, तेव्हा मी फळाची पूड आणि तिचा मांसाशी येणारा संबंध दहा मिनिटांत समजावून सांगितला. गाडी तेवढी उशिरा सुटली असल्यास दोष माझा.

ही बाटली स्वराजने परदेशातून पाठवली. तिकडे विस्तवावर मांस भाजण्यापूर्वी त्यावर असा कोरडा मसाला चोळतात. हा आंब्याच्या चवीचा आहे. आपले वडील पंचेचाळीस वर्षे शाकाहारी आहेत, ही बाब आमच्या चिरंजीवांच्या स्मरणातून कशी गेली, हा वेगळा संशोधनाचा विषय आहे. माझ्या ओळखीत रोज कोंबडी भाजणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे तू. सबब बाटली तुझी.

मात्र एक अट आहे. फोन करू नकोस, लिहून पाठव. फोनवर तू ‘छान झालं मामा’ म्हणशील आणि ठेवून देशील. आमच्याकडे राहून बी.एस्सी. करताना तू प्रयोगवहीत ‘अपेक्षित निष्कर्ष मिळाला’ एवढेच लिहीत असस, हे मी विसरलेलो नाही. मला रंग, वास, भाजण्याचा वेळ आणि खाणाऱ्याचे शब्द, असे चार रकाने हवेत. खाणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिही, विशेषतः तुझ्या सासूबाईंचे. त्यांचे मत मसाल्याबद्दल असो वा माझ्याबद्दल, दोन्ही मला उपयोगी आहे.

मनोजरावांना आशीर्वाद सांग. लोभ वाढवण्याची विनंती करणार होतो, पण आधी रकाने भर.

तुझा,
चिमाजीमामा

*

कळवण,
दि. १३ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांच्या सेवेशी, रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

बाटली मिळाली. चालककाका ती देताना म्हणाले की तुमचे मामा फार हुशार आहेत, पण पुढच्या वेळी वस्तू गाडी सुटण्याआधी पाऊण तास पोहोचू दे.

रकाने वेगळ्या कागदावर भरले आहेत, तरी थोडक्यात सांगते. रंग आधी केशरी, मग तपकिरी, मग काळा, आणि हे सगळं सहा मिनिटांत. वास पहिल्यांदा आंब्याच्या वडीचा, नंतर पाक करपल्याचा. आतली कोंबडी कच्ची राहिली. गाड्यावर नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांनी एक घास खाल्ला आणि लहान मुलांसाठी काही वेगळं सुरू केलं का, असं विचारलं. सासूबाईंनी चिमूट तळहातावर घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, की हे दंतमंजन असेल तर ठीक आहे, पण कोंबडीला दात नसतात एवढं तुझ्या मामांना कळव. जसंच्या तसं लिहिलं आहे. तुमचीच आज्ञा.

आता थोडं गंभीर. येत्या ९ मार्चला इथल्या शाळेच्या दहावीच्या एका जुन्या तुकडीचा मेळावा आहे. पंचवीस वर्षांनी सव्वाशे माणसं जमणार आहेत. जेवणात शेगडीवर भाजलेली कोंबडी हवी, असं त्यांचं ठरलं आहे. मेळाव्याचं सगळं पाहणारे बहिरूभाऊ तीन-चार ठिकाणी चव घेऊन काम कोणाला द्यायचं ते ठरवतील. माझ्याकडे ते ९ फेब्रुवारीला येणार आहेत. बाकीच्यांकडे मोठी दुकानं आहेत. माझा एक गाडा आणि दोन शेगड्या.

दुसरी गोष्ट म्हणजे यांना तुमच्या नाशकात सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळतंय. इथल्या पंपदुरुस्तीपेक्षा ते बरं आहे, हे मलाही कळतं. पण गेलो तर गाडा मोडावा लागेल. आमचं असं ठरलं आहे की मेळाव्याचं काम मला मिळालं तर गाडा चालू शकतो हे सिद्ध होईल आणि आम्ही इथेच राहू. नाही मिळालं तर मी एक शब्दही न बोलता सामान बांधायचं. सातपूरला फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. हे ठरवताना आम्ही दोघंही हसत होतो. पण मामा, मला तो गाडा हवा आहे.

तुमचा आंबा करपला तरी कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही. दिरांच्या बागेत तडकलेली डाळिंबं पाट्यांनी पडून आहेत. बाजारात ती कोणी घेत नाही, आतले दाणे मात्र उत्तम. त्यांचा असा मसाला होईल का? तुम्ही केलात तर होईल, असं मी सासूबाईंना सांगून बसले आहे.

मामींना नमस्कार. माझ्यावर आहे तशीच माया राहू द्यावी.

आपली,
रूपाली

*

॥ श्री ॥

नाशिक,
दि. २९ जानेवारी २०२५

चि. सौ. रूपालीस अनेक आशीर्वाद.

तुझे रकाने वाचून मला इतका आनंद झाला की मी ते मामीला दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा वाचताना ती उठून गेली, याचा माझ्या आनंदावर परिणाम झाला नाही. सासूबाईंना सांग, त्यांची शंका शास्त्रीय आहे.

प्रथम आंबा का करपला ते पाहू. त्या बाटलीत निम्म्याहून अधिक साखर आहे. साखर निखाऱ्यावर फार लवकर काळी पडते, आणि कोंबडीच्या आतील भाग शिजण्यास त्याच्या तिप्पट वेळ लागतो. परदेशात झाकणाच्या भट्टीत मंद आचेवर भाजतात, म्हणून तेथे हे खपते. तुझी शेगडी उघडी आणि निखारा तिखट. तेव्हा आपल्याला गोडीपेक्षा आंबटपणा अधिक असलेले फळ हवे. तुझे डाळिंब योग्य आहे, आणि ही निवड तू विचारपूर्वक केलीस असे मी गृहीत धरतो.

तू बसने पाठवलेल्या दाण्यांपैकी निम्मे गच्चीवर वाळवले, निम्म्यांचा रस आटवला. द्वारका चौकातील वाहतुकीत पाऊण तास अडकून एक लहान तराजू आणला. सोबत चार पुड्या आहेत: क, ख, ग, घ. प्रत्येकीत डाळिंब आहे. त्याखेरीज काय आहे ते मी तुला सांगणार नाही, आणि मामीलाही सांगितलेले नाही. तिने गच्चीवर वाळत टाकलेल्या गोष्टींबद्दल तीन वेळा विचारले, मी तिन्ही वेळा विषय बदलला. घटक ठाऊक झाले की जीभ आधीच मत बनवते, पोटाला नंतर विचारते. तुझ्या सासूबाईंना ‘यात जिरे कमी आहे’ असे सांगितले की त्यांना जिरे कमीच लागेल. म्हणून नावे गुप्त.

माझ्या बाजूने मी शक्य तेवढी तपासणी केली आहे. आपल्या घरात मांस येत नाही, सबब सर्व चाचण्या सुरणावर केल्या. सुरण भाजला जातो, मसाला धरतो आणि तक्रार करीत नाही. आज सलग नववा दिवस आम्ही सुरण खात आहोत. मामीने काल विचारले, की संशोधनाला अंत असतो की फक्त सुरणाला.

चारही पुड्या थोड्या थोड्या वापरून पाहा. पसंत पडेल ती कळव, म्हणजे मेळाव्याच्या मंडळींसाठी मोठी पुडी करून पाठवतो. मनोजरावांच्या निर्णयाविषयी मी काही बोलणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही चांगले यंत्र खुणावले असते. पण मी तुझा मामा आहे आणि माझी बाजू ठरलेली आहे.

प्रेम आहेच, ते सुरणाइतके पुरून उरो.

तुझा,
चिमाजीमामा

*

कळवण,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना शि. सा. न. वि. वि.

चार पुड्यांनी घरात चार पक्ष पाडले आहेत. ‘क’ खाऊन यांनी पाणी मागितलं. ‘ख’ चांगली आहे, पण डब्यात ठेवल्यावर एका रात्रीत तिचं ढेकूळ झालं. वरवंट्याने फोडावं लागलं आणि सासूबाई म्हणाल्या की मामांनी मसाला पाठवला की वीट. ‘घ’ला वास सुंदर, चव पोचट. ‘ग’ मात्र फारच छान. मोकळी राहते, सगळीकडे सारखी बसते, भाजल्यावर कोंबडीला लालसर तांबूस तकाकी येते आणि चावताना मांस एकदम कोवळं लागतं. गाड्यावर नेहमीप्रमाणे अर्धा तास चोळून ठेवली होती. दंतमंजनवाल्या आमच्या सासूबाईंनी दुसरा लेगपीस स्वतःहून मागितला. वर म्हणाल्या की तपासून पाहायला मागते आहे.

तर मामा, ‘ग’. येत्या रविवारी बहिरूभाऊ दोघांना घेऊन येणार आहेत. सहा कोंबड्यांना पुरेल एवढी पाठवा. एक विचारायचं आहे. आमच्या घरात पाहुण्यांचं मांस असेल तर मसाला आदल्या संध्याकाळीच लावून ठेवतात. सासूबाईंच्या मते अर्ध्या तासात फक्त कातडीला कळतं, आत काही पोहोचत नाही. रात्रभर ठेवलं तर चालेल ना?

आणि ‘ग’मध्ये काय आहे? आता तरी सांगा.

आपली अधीर,
रूपाली

*

॥ श्री ॥

नाशिक,
दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपालीस आशीर्वाद.

पुडी पाठवत आहे. रात्रभर ठेवण्याविषयी तुझ्या सासूबाईंचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. मीठ आणि आंबट द्रव्य आत झिरपण्यास वेळ लागतोच. ‘ग’ मी सुरणाला लावून पूर्ण बारा तास ठेवली होती. कोणताही दोष आढळला नाही. निर्धास्त ठेव.

घटक मात्र रविवारनंतर. प्रयोग पूर्ण होण्याआधी पाकीट मी विद्यार्थ्यांनाही कधी उघडू दिलेले नाही, आणि तू माझी विद्यार्थिनी आहेस हे तुझ्या अधीरतेवरून कोणालाही ओळखता येईल.

यशाचे पत्र येईल या खात्रीने,

तुझा,
चिमाजीमामा

*

कळवण,
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना, रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

रकाने भरते. रंग: उत्तम. वास: उत्तम. भाजण्याचा वेळ: लागू नाही. खाणाऱ्याचे शब्द: खाताच आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सहा कोंबड्या ‘ग’ चोळून, झाकून, थंड जागी ठेवल्या. रविवारी सकाळी उघडलं तेव्हा वरून सगळं ठीक दिसत होतं, फक्त बोट लावलं की खळगा पडत होता. मला वाटलं, छान मुरलं. बहिरूभाऊ, त्यांच्या वर्गातल्या नवसाबाई आणि अजून एक गृहस्थ अकरा वाजता आले. मी पहिली तंगडी जाळीवर ठेवली आणि तीन मिनिटांनी उलटवायला चिमटा लावला. चिमट्यात हाड आलं. मांस जाळीवरच राहिलं, मग जाळीतून खाली निखाऱ्यावर गेलं. दुसरीचंही तेच. सळईवर लावलेले तुकडे तर भिजलेल्या पोह्यांसारखे घसरून पडले. धूर इतका झाला की शेजारचे चहावाले पाणी घेऊन धावत आले.

बहिरूभाऊ फार सभ्य माणूस. ते म्हणाले की वास मात्र अप्रतिम आहे. नवसाबाई म्हणाल्या की दात नसलेल्या वर्गमित्रांची सोय झाली असती, पण आमचं वय अजून तेवढं नाही. मीही हसले. ते गेल्यावर मात्र हसू आलं नाही.  यांनी निखारे विझवले आणि उरलेलं सगळं उचलून नेलं. हे काही बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

आज सोमवार, गाडा बंद. सकाळभर जाळी घासली. जळकं मांस तारांना असं चिकटलं होतं की खिळ्याने खरवडावं लागलं. मी प्रमाण चुकवलं का, की मांसच शिळं होतं, हे अजून कळलेलं नाही. आमचा कोंबडीवाला शपथ घेऊन सांगतो की ताजं होतं.

मामा, थट्टा बाजूला ठेवून विचारते. ‘ग’ पुडीत काय होतं?

आपली,
रूपाली

*

॥ श्री ॥

नाशिक,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपालीस आशीर्वाद.

तुझे प्रमाण चुकले नाही. मांस शिळे नव्हते. कोंबडीवाल्यांची माझ्या वतीने क्षमा माग. चूक सर्वस्वी माझी आहे.

‘ग’ पुडीत डाळिंब, मीठ, मिरे, जिरे आणि सुंठ होती, आणि सहावा भाग कच्च्या पपईची पूड होती.

ती का घातली हे सांगतो. डाळिंबाची पूड हवेतील ओल ओढून घेते, म्हणून ‘ख’ची वीट झाली. ती मोकळी राहावी यासाठी स्वतःची चव नसलेली एखादी कोरडी पूड मिसळणे आवश्यक होते. अंगणातील झाडाला कच्च्या पपया होत्या. मी त्यांचे काप करून वाळवले आणि दळले. पूड मोकळी राहिली, मी संतुष्ट झालो.

कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे द्रव्य असते. ते मांसातील प्रथिनांचे धागे तोडते. अर्ध्या तासात मांस कोवळे होते, रात्रभरात त्याचा लगदा होतो. तुला ‘ग’मधील कोंबडी कोवळी लागली, ती याचमुळे. सुरणात असे तुटण्याजोगे धागे नाहीत, म्हणून बारा तासांनंतरही सुरण जसाच्या तसा राहिला आणि मी तुला निर्धास्त राहण्यास सांगितले. पपेन हा शब्द मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न असे. माझ्या अंगणातील पपईशी त्याचा संबंध आहे, हे मला तुझे पत्र येईपर्यंत सुचले नाही.

याहून लाजिरवाणी बाब पुढे आहे. पपई मी कडक उन्हात किंवा तव्यावर वाळवली असती, तर उष्णतेने ते द्रव्य बऱ्याच अंशी निकामी झाले असते. पण मी काळजीपूर्वक, सावलीत, पातळ कापडाखाली वाळवली. एखाद्या आळशी माणसाने हा मसाला केला असता, तर तुला कदाचित काम मिळाले असते.

आणि तू विचारलेस तेव्हा मी सांगितले असते, तर तुझ्या सासूबाईंनी ऐकताक्षणी मला थांबवले असते. घटक गुप्त ठेवण्याचा नियम प्रयोगशाळेत ठीक असतो. तुझा प्रयोग चालू नव्हता, तुझा गाडा चालू होता. हा भेद मी केला नाही.

बहिरूभाऊंच्या नावाने वेगळे पत्र सोबत जोडले आहे. त्यात दोष कोणाचा हे स्पष्ट लिहून, तुला आणखी एक संधी द्यावी अशी विनंती केली आहे. ते चार पानी झाले, कारण पपेन समजावल्याशिवाय माझी चूक समजत नाही. चारही पुड्यांचे घटक, वजनांसह, मागील पानावर लिहिले आहेत. यापुढे तुझ्यापासून काही झाकणार नाही.

तुझा अपराधी,
चिमाजीमामा

ता. क. रूपा, मी मामी. यांनी काल रात्री ताट तसंच ठेवलं. सुरण नव्हता, तरी. पपईचे काप मी गच्चीवर पाहिले होते गं. मला वाटलं, टुटीफ्रुटी करताहेत. माझ्या माहेरी मटणात कच्ची पपई घालायचे, पण मला विचारलं कोणी? तू मात्र यांना फार रागावू नकोस. ते काम मी करते आहे. – सुवर्णामामी

*

कळवण,
ता. १४

चिमाजीभाऊ यांना मालनबाईचा रामराम.

मी चौथी शिकलेली हाय, म्हणून माझ्या हातानं लिहिते. चुका काढू नका, तुमच्या चुका आमी मोजल्या नाय.

भाऊ, म्हातारा बोकड असंल तर कच्ची पपई बोटाच्या पेराएवढी घालतात. कवळ्या कोंबडीला रात्रभर पपई म्हंजे तुमी तिला जाळीवर ठेवायच्या आधीच खाऊन टाकली. हे मी ऐकलं तवा आधी कपाळावर हात मारला, मंग लय हसले. एवढी हसले की सूनबाई बी हसली. रविवारपासनं पैल्यांदा हसली पोर. म्हणून तुमाला माफ.

रात्रभर लावून ठेव म्हणणारी मीच हाय. ते मी लपवून ठेवणार नाय. आपण दोघं सारखेच.

आता ऐका. तुमच्या डाळिंबात काही खोट नाय. पण तुमी ते चुकीच्या येळेला लावता. आधी आमचा काळा मसाला, मीठ, लसूण, एक तास. मंग भाजायचं. निखाऱ्यावरनं खाली घेतलं की गरम हाय तवर तुमची ‘ख’ वरनं भुरभुरायची. ती वीट झाली तर झाली, मी फोडीन. करपणार नाय, आंबटपणा जाणार नाय. काल करून बघितलं. मनोज चार तुकडे खाऊन गप बसला. तो बोलला नाय म्हंजे चांगलं झालं.

तुमचं चार पानाचं पत्र बहिरूनं नेलं. सुरण खाऊन अंगाला खाज सुटत असंल तर चिंच खावा.

भावावर बहिणीची नजर राहील,
मालनबाई

*

कळवण,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना, रूपालीचा आनंदाचा शि. सा. न. वि. वि.

काम मिळालं!

आधी तुमच्या पत्राचं सांगते. बहिरूभाऊंनी ते त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, चारही पानं. दोन दिवस त्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. कोणी आजीच्या पपईची आठवण सांगितली, कोणी पाच गुणांचा प्रश्न आपल्यालाही आला होता म्हणून लिहिलं, आणि मुंबईतल्या एका डॉक्टरांनी सरांचं स्पष्टीकरण अचूक असल्याचा दाखला दिला. शेवटी नवसाबाईंनी लिहिलं, की एवढं विज्ञान वाचल्यावर कोंबडी न खाता राहणं आता शक्य नाही, रूपालीच्या गाड्यावर परत जाऊ या.

काल ते परत आले. या वेळी वर्गातले नऊ जण. सासूबाईंच्या पद्धतीने काळा मसाला लावून भाजलं आणि उतरवल्याबरोबर गरम मांसावर ‘ख’ भुरभुरली. पूड मांसाच्या रसात विरघळून कडेला गडद लाल झाली. बहिरूभाऊंनी पहिला घास खाल्ला, दुसरा उचलला आणि विचारलं की हाड धरून खाल्लं तर चालेल ना, नाही तर मागच्यासारखं व्हायचं. सगळे हसले. नऊ जणांनी पाच कोंबड्या संपवल्या. जाताना ते तारीख पक्की करून गेले.

सासूबाईंचं म्हणणं आहे की या मसाल्याला तुमचं नाव द्यावं. मी म्हटलं, निम्मा तुमचा आहे. त्या म्हणाल्या की माझं नाव नको, उद्या वीट झाली तर लोक मला हसतील.

आणि हे! रात्री मी सातपूरचा विषय काढला, तर हे म्हणाले, ठरल्याप्रमाणे इथेच राहू. एवढंच. ना चेहरा पडला, ना सुस्कारा. मी सगळी उत्तरं तयार ठेवून बसले होते, एकही वापरायला मिळालं नाही. माणूस इतक्या सहज कसा तयार होतो? तुम्ही परस्पर यांना काही लिहिलं होतं का? तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. याचंही सांगा.

मामींना सांगा, सुरण बंद करायला माझी परवानगी आहे. तुमच्या प्रेमाची पुडी अशीच येत राहो, पण घटक लिहून.

आपली,
रूपाली

*

कळवण,
१९ फेब्रुवारी

ती. स्व. मामा यांना, मनोजचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण रूपालीने तुम्हाला माझ्याबद्दल एक प्रश्न विचारला आहे, असं तिच्या बोलण्यातून कळलं. तुम्ही तिला काही उत्तर देण्याआधी हे पोहोचावं म्हणून आजच्या बसने देतो आहे.

सातपूरला मी नाही म्हणून कळवलं ते काम मिळाल्यावर नाही. त्याच्या आधीच कळवलं. कोंबडी निखाऱ्यात पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

खरं सांगतो, रविवारी मला थोडं हलकं वाटलं होतं. वाटलं, आता ठरलं, आपण जायचं. ते काम मला आवडलं होतं. यंत्र नवं आहे. सोमवारी दुकानात जायला निघालो तर ही गाड्यापाशी बसून खिळ्याने जाळी खरवडत होती. शेजारी तुमच्यासाठी रकाने आखलेली तिची वही उघडी. मी सहज वाचलं. लिहिलं होतं: ‘ग नापास. कारण माहीत नाही. पुढची चाचणी मंगळवारी.’ मामा, काम तर हातून गेलं होतं. कोणासाठी चाचणी? तिला विचारलं नाही. दुकानाकडे जाताना रस्त्यातच गाडी थांबवून सातपूरला फोन केला. त्यांना नाही म्हणून सांगितलं आणि जाऊन दुकान उघडलं.

बहिरूभाऊंनी परत यावं असं मलाही मनापासून वाटत होतं, पण आमचं राहणं त्यावर अवलंबून नव्हतं. तिला हे माहीत नाही. तिने स्वतःच्या हाताने गाडा राखला असं ती घरोघर सांगत फिरते आहे, आणि सांगताना ती फार छान दिसते. ते तसंच राहू द्यावं. तुम्ही प्रत्येक गोष्ट समजावून सांगता म्हणून भीती वाटली, राग नसावा.

‘ख’ संपत आली आहे. मेळाव्यापुरती पाठवावी.

आपला,
मनोज

*

॥ श्री ॥

नाशिक,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे यश वाचून आम्हा दोघांना अतिशय समाधान वाटले. सोबत ‘ख’ पुडी मोठ्या प्रमाणात पाठवीत आहे. घटक पुडीवर लिहिले आहेत. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि चिंचेचा उपाय लागू पडला असेही कळव.

मनोजराव इतक्या सहज कसे तयार झाले, असे तू विचारले आहेस. मी त्यांना काहीही लिहिले नव्हते. त्यांच्या मनातील कारण मला सांगता येणार नाही.

एवढेच. इतके लहान उत्तर मी आजवर कोणत्याही प्रश्नाला दिलेले नाही. मामी शेजारी बसून हे वाचत आहे आणि मला ताप आहे का, हे पाहण्यासाठी माझ्या कपाळाला दोनदा हात लावून झाला आहे.

मनोजरावांना माझा विशेष आशीर्वाद.

तुम्हा दोघांचा,
चिमाजीमामा